विझवण्याचा कायदा, सांभाळण्याचा कायदा

१९०८ साली अमेरिकेच्या संसदेने एक छोटासा कायदा केला. राष्ट्रीय वनांत आग लागली, तर मंजूर रकमेकडे न पाहता ती विझवायला लागेल तेवढा पैसा खर्च करावा, तूट आली तर ती मागाहून भरून दिली जाईल, अशी मुभा त्याने तिथल्या वनखात्याला, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसला दिली. जळत्या डोंगरासमोर उभे राहून कोणी हिशोबाची वही उघडत नाही, म्हणून ही मुभा रास्तच होती. पण दाट झालेले जंगल विरळ करणे, साचलेला पाला आणि काटक्या योग्य ऋतूत जाळून टाकणे, जाळरेषा साफ ठेवणे या कामांना अशी मुभा तेव्हा मिळाली नाही आणि पुढच्या शंभर वर्षांतही मिळाली नाही. ती कामे दरवर्षी अंदाजपत्रकाच्या रांगेत उभी राहिली, आणि बहुतेक वर्षी रांगेच्या टोकाला. सार्वजनिक वनांतल्या वणव्यांची जोखीम कमी करण्यासाठी अमेरिकेत जे कायदे झाले, त्यांची ओळख पुढील पानांत आहे. त्यांतला जवळजवळ प्रत्येक कायदा मला या जुन्या असमतोलाशी झगडताना दिसतो.

आधी आवाका लक्षात घ्यावा. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांचे क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट. ही वने कृषी खात्याखालील फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत. अंतर्गत खात्याखालील भूव्यवस्थापन विभागाची जमीन आणि राष्ट्रीय उद्याने त्याहून वेगळी. यातली बरीच वने देशाच्या पश्चिम भागात, कोरड्या डोंगराळ मुलखात आहेत. १८९१ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना वने राखीव करण्याचा अधिकार मिळाला. १८९७ च्या कायद्याने ती कशासाठी राखायची हे ठरले आणि त्यातच आगीपासून संरक्षणाची जबाबदारी सरकारवर आली. १९०५ मध्ये वने कृषी खात्याकडे गेली आणि गिफर्ड पिंशो फॉरेस्ट सर्व्हिसचा पहिला प्रमुख झाला.

या ठिकाणी भारताचा धागा जुळतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. तरुण पिंशो वनशास्त्र शिकायला युरोपात गेला, तेव्हा त्याला दिशा दाखवणारा माणूस होता डीट्रिख ब्रँडिस. ब्रँडिस १८६४ पासून हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक होता, त्याआधी ब्रह्मदेशात सागवानाची जंगले पाहत होता. पिंशोने फ्रान्समधील नान्सीच्या वनविद्यालयात शिकावे हा सल्ला त्याचाच. ब्रँडिसच्याच काळात मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात आगीपासून संरक्षणाचा पहिला मोठा प्रयोग झाला. जंगल जळू द्यायचे नाही आणि जाळणाऱ्या गावकऱ्याला गुन्हेगार ठरवायचे, ही वसाहतीच्या वनप्रशासनाची शिकवण पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात पक्की झाली. राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आणि जंगलात हक्क असलेल्या माणसाने आग विझवायला मदत करणे हे कर्तव्य, ही दोन्ही कलमे आजही आपल्याकडे लागू आहेत. त्या शिकवणीतला मोठा भाग पिंशोबरोबर अमेरिकेला पोहोचला. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. १८९० च्या दशकात ब्रह्मदेशातले वनाधिकारीच लिहू लागले होते की आग पूर्ण थांबवलेल्या भागात सागाची रोपे वर येत नाहीत, बांबू आणि झुडपे त्यांना गिळतात. आगीवाचून काही जंगले आपले रूप टिकवू शकत नाहीत ही समज वसाहतीच्या खात्यातच उगवली होती. अमेरिकेने शिकवणीचा पहिला भाग घेतला, दुरुस्तीचा भाग घ्यायला तिने सत्तर वर्षे लावली.

त्या सत्तर वर्षांमागे १९१० ची आग आहे. त्या ऑगस्टच्या २० आणि २१ तारखांना आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन राज्यांच्या सीमेवर वादळी वाऱ्याने शेकडो छोट्या आगींना एकत्र आणले. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळाले. किमान ८५ माणसे गेली, त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली होती. वॉलेस गावाजवळ एड पुलास्की नावाच्या रेंजरने आपल्या माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले आणि पिस्तूल रोखून बाहेर पडू दिले नाही. त्यांतले पाच गेले, चाळीसेक वाचले. कुऱ्हाड आणि कुदळ एका दांड्याला जोडलेले त्याच्या नावाचे हत्यार अमेरिकी वनरक्षकांच्या हाती आजही असते. खाते तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते आणि पिंशोला त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्राध्यक्ष टाफ्टने काढून टाकले होते. एवढ्या हानीनंतर त्या तरुण खात्याला एकच धडा दिसला की माणसे, रस्ते आणि पैसा जास्त असता, तर हे थांबवता आले असते. पुढल्याच वर्षी वीक्स कायदा आला. त्याने पूर्वेकडे वनांसाठी जमीन विकत घेण्याची वाट उघडली आणि आगीशी लढण्यासाठी राज्यांना संघराज्याचा पैसा देण्याची प्रथा सुरू केली. १९२४ च्या क्लार्क-मॅक्नरी कायद्याने ती प्रथा आणखी रुंद केली.

दुसरा धडा सांगणारे लोक तेव्हाही होते. उत्तर कॅलिफोर्नियात काही जमीनमालक आणि जुने रहिवासी दर काही वर्षांनी जंगलातला पाला हलक्या जाळाने साफ करावा असे म्हणत होते. ही पद्धत त्यांनी तिथल्या आदिवासींकडून घेतली होती आणि वनखात्याने तिला हिणवले तेही एका जमातीचे नाव लावूनच. आपल्याकडे कोकणात भातरोपांसाठी राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला आग म्हणजे एक काम असते. कॅलिफोर्नियातल्या कारूक आणि युरोक लोकांनाही ती तशीच होती. टोपल्या विणायला हेझलच्या सरळ काटक्या हव्यात, ओकखाली अळ्या न पडलेली फळे हवीत, हरणांना कोवळा पाला हवा, तर त्या त्या ठिकाणी त्या त्या ऋतूत जाळ लावायचा. कॅलिफोर्नियाने राज्य झाल्याच्याच वर्षी, १८५० मध्ये, आदिवासींबाबत जो कायदा केला त्यात गवत पेटवणे हा गुन्हा ठरवला. त्या कायद्याने आणखी पुष्कळ क्रूर गोष्टी केल्या, पण जंगलाच्या इतिहासात हे एक कलमसुद्धा पुरेसे भारी ठरले. जाळणारे हात बांधले गेले आणि त्यानंतर साठेक वर्षांनी वनखात्याने उरलेल्यांनाही गप्प केले.

१९३५ मध्ये खात्याचा प्रमुख फर्डिनंड सिल्कॉक्सने नियम घालून दिला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात यायला हवी. हा माणूस १९१० च्या आगीच्या वेळी मोंटानातल्या मिझूला येथील वनखात्याच्या कार्यालयात होता, हे लक्षात घेतले तर त्याचा नियम समजतो. १९४४ पासून टोपी घातलेले अस्वल पोस्टरवरून मुलांना काडी जपून वापरायला सांगू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने आणि पॅराशूटने उतरणारे अग्निशामक वाढले आणि नियम पाळता येऊ लागला. यश खरे होते. त्याची किंमत जमिनीवर साचत गेली.

या किमतीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढच्या सगळ्या कायद्यांचा युक्तिवाद इथे उभा आहे. नैऋत्येकडच्या आणि सिएरा नेवाडाच्या कोरड्या उतारांवर पाँडेरोसा पाइनची जंगले आहेत. या झाडाची साल जाड असते आणि खालच्या फांद्या ते स्वतःच टाकून देते. विजेने किंवा माणसाने लावलेली हलकी आग दर काही वर्षांनी गवतातून सरकत जाई, रोपटी आणि पाला खाऊन विझे, मोठ्या झाडांना धक्का लागत नसे. आग बंद झाल्यावर एकेका एकरावर पूर्वीच्या कितीतरी पट झाडे उभी राहिली. बारीक, कोंदलेली, एकमेकांना टेकलेली. त्यांच्या खांद्यावरून आग शेंड्यांपर्यंत चढते आणि मग जी आग होते ती वाट्याला येईल ते सारे घेऊन जाते. मोठी लाकूडतोडही याला कारणीभूत आहे. तोडीत मोठी, जाड सालीची झाडे गेली आणि दुष्काळ व तापमानवाढ यांना तोंड द्यायला बारीक झाडे उरली.

पण सगळी जंगले अशी नाहीत, आणि ज्या लेखनात हे सांगितलेले नसते त्यावर मी विश्वास ठेवत नाही. यलोस्टोनमधील लॉजपोल पाइनची जंगले शंभर-दोनशे किंवा अधिक वर्षांतून एकदा पूर्ण जळतात आणि तशीच नव्याने उगवतात. १९८८ मध्ये तिथे जवळजवळ आठ लाख एकरांवर आग फिरली, तेव्हा देश हादरला, जंगल मात्र आपल्या रीतीने परतले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवरील झुडपांच्या चॅपरल रानाचा प्रश्न अगदी उलट आहे. तिथे आग फार वेळा लागते आणि रान पुरते उगवण्याआधी पुन्हा जळते. पाँडेरोसाला जे औषध लागू पडते ते चॅपरलला दिले तर फायदा नाही, कदाचित नुकसानच. तरीही कायदा करणारे लोक नेहमी एकाच शब्दात बोलतात: जंगल.

वनखात्याने सकाळी दहाचा नियम १९७० च्या दशकाच्या अखेरीस सोडला. राष्ट्रीय उद्याने त्याआधीच, १९६८ पासून, काही आगी जळू देऊ लागली होती. पण जाळ आणि विरळणी परत आणायच्या त्याच काळात आणखी एक बदल घडला. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली आणि सरकारी प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास करून तो लोकांपुढे ठेवणे सक्तीचे झाले. १९७३ मध्ये संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आला, १९७६ मध्ये राष्ट्रीय वनव्यवस्थापन कायदा. वनखाते त्या वेळी लाकूड विकणाऱ्या खात्यासारखे वागत होते, मोठमोठे उतार पूर्ण तोडत होते, आणि नागरिकांना न्यायालयाचे दार या कायद्यांनीच उघडून दिले. ठिपक्यांच्या घुबडासाठी वायव्येकडच्या जुन्या वनांतली तोड १९९० च्या सुमारास थांबली ती त्याच दाराने. १९९५ मध्ये जळालेल्या आणि किडलेल्या झाडांच्या विक्रीला एका खर्चविषयक कायद्याच्या शेपटाला जोडून या नियमांतून दीड वर्षाची सूट दिली गेली आणि त्या सुटीत निरोगी झाडेही गेल्याची तक्रार झाली. 'आगीसाठी' म्हणून केलेली तोड ही प्रत्यक्षात लाकडासाठीच असते, असा जो संशय पुढे प्रत्येक विधेयकाच्या वाट्याला आला, त्याला आधार होता. या संशयाला अडाणी हट्ट म्हणणारे लोक हा इतिहास विसरतात.

अशा परिस्थितीत २००२ चा उन्हाळा उगवला. ॲरिझोनात रोडिओ-चेडिस्की आगीने साडेचार लाखांहून अधिक एकर खाल्ले, ओरेगॉनमध्ये बिस्किट आग पाच लाख एकरांच्या आसपास गेली, कोलोरॅडोत हेमन आग पेटवणारी व्यक्ती वनखात्याचीच कर्मचारी निघाली. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश ओरेगॉनच्या जळक्या भागात गेले आणि 'निरोगी वने' या नावाखाली नव्या कायद्याची घोषणा केली. विधेयक मे २००३ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडकले. ऑक्टोबरअखेर दक्षिण कॅलिफोर्निया पेटला. सॅन दिएगोजवळच्या सीडर आगीने २ लाख ७३ हजार एकर आणि १५ माणसे घेतली. आग चालू असतानाच ३० ऑक्टोबरला सिनेटने ८० विरुद्ध १४ मतांनी विधेयक मंजूर केले आणि ३ डिसेंबरला त्यावर सही झाली. दुःखाची गोष्ट अशी की ज्या आगीने हा कायदा पुढे रेटला ती बहुतांशी चॅपरलमध्ये लागली होती, आणि कायद्यातला उपाय, म्हणजे विरळणी, मुख्यतः दुसऱ्याच प्रकारच्या जंगलासाठी होता.

निरोगी वनांच्या या पुनर्स्थापना कायद्याने दोन कोटी एकरांपर्यंतच्या कामांना जलद वाट दिली. दरवर्षी ७६ कोटी डॉलर खर्चाची परवानगी दिली आणि त्यातले निम्मे वस्तीच्या कडेवरच्या जंगलासाठी राखले. अशा कडेवर पर्यायांचा लांबलचक अभ्यास न करता एकाच प्रस्तावाचा अभ्यास पुरे केला. आक्षेप निर्णय झाल्यावर घेण्याऐवजी निर्णयाआधी घ्यायला सांगितले, न्यायालयाने कामाला स्थगिती दिली तर तिची मुदत ६० दिवसांची ठेवली, मात्र नूतनीकरणाची सोय ठेवली. जुनी मोठी झाडे राखायचे बंधन घातले. आणि यातले मला सर्वांत चांगले वाटलेले कलम, म्हणजे गावाने, स्थानिक अग्निशामक दलाने आणि राज्याच्या वनविभागाने मिळून वणव्यापासून संरक्षणाचा आराखडा करायचा, आणि वनखात्याने कामांचा क्रम ठरवताना त्या आराखड्याला मान द्यायचा. पश्चिमेत असे शेकडो आराखडे झाले आणि अनेक ठिकाणी लाकूड कंपनीचा माणूस व पर्यावरणवादी प्रथमच एका टेबलाशी बसले. कायद्याचे नाव काढल्यावर या कलमाची आठवण फार थोड्यांना होते. माणसांना वाद लक्षात राहतात.

वाद न्यायालयाविषयी होता. त्याच वर्षी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००१ आणि २००२ मधील जंगलातले इंधन, म्हणजे साचलेला पाला आणि दाट झाडी, कमी करण्याच्या निर्णयांचा आढावा घेतला. सगळ्या निर्णयांपैकी सुमारे चतुर्थांशावर अपील झाले आणि जेमतेम तीन टक्के प्रकरणे न्यायालयात गेली. पण ज्या निर्णयांवर अपील करण्याची सोय होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांवर ते झाले होते. दोन्ही पक्षांनी आपल्याला हवा तो आकडा उचलला, आणि आजही उचलतात. दोन्ही आकडे खरे आहेत. खटल्याची भीती अधिकाऱ्याला दप्तर जाड करायला लावते हेही मान्य. पण केवळ खटल्यांमुळे जंगल साफ होत नाही, हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही.

माझ्या मते खरा अडसर दोन ठिकाणी होता, आणि त्यातला पहिला पैशाचा. वणवे वाढले तसा १९०८ च्या मुभेतून आलेला खर्च वाढत गेला. १९९५ मध्ये वनखात्याच्या अंदाजपत्रकाचा १६ टक्के भाग आगीवर जाई, २०१५ मध्ये तो निम्म्याच्या पुढे गेला. उन्हाळ्यात विझवण्याचा पैसा संपला की खाते तो विरळणी, रस्ते आणि नियोजित जाळाच्या खात्यातून उचली. म्हणजे पुढच्या वर्षीची आग कमी करणारा पैसा या वर्षीच्या आगीत जाई. मार्च २०१८ च्या खर्च कायद्याने ही उचल थांबवली. २०२० च्या आर्थिक वर्षापासून मोठ्या वणव्यांसाठी वेगळा निधी बाजूला ठेवला गेला, आरंभी सव्वादोन अब्ज डॉलर. याच कायद्याने तीन हजार एकरांपर्यंतच्या काही कामांना सविस्तर अभ्यासातून वगळले. बातम्या आल्या त्या वगळण्याच्या. निधीची दुरुस्ती कित्येक पट महत्त्वाची होती आणि ती व्हायला एकशेदहा वर्षे लागली.

दुसरा अडसर लाकडाचा आहे, किंवा लाकूड नसण्याचा. काढायची असतात ती बारीक, वेडीवाकडी झाडे, आणि ती विकत घेणारी गिरणी पुष्कळ ठिकाणी उरलेली नाही. २००९ च्या कायद्याने सहकार्याने वने सुधारण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्याखाली ॲरिझोनातील चार राष्ट्रीय वनांत चोवीस लाख एकरांचा मोठा प्रयत्न झाला. शास्त्रज्ञ, पर्यावरण संघटना, जिल्हा प्रशासन एकमत झाले, मोठा विरोध राहिला नाही. तरीही काम अपेक्षेपेक्षा कितीतरी मागे राहिले, आणि २०२१ मध्ये वनखात्याने दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या ठेक्याची निविदा रद्द केली. खटला नव्हता, परवानगी होती, पण तेवढ्या बारीक लाकडाचा धंदा कोणालाही परवडत नव्हता. २०१४ च्या शेती कायद्याने 'लाकडाच्या बदल्यात सेवा' ही कराराची पद्धत कायम केली आणि वनखात्याचे काम राज्यांकडून करून घेण्याची वाटही रुंद केली, त्यांनी थोडा हात दिला. विरळणीनंतर फांद्या आणि शेंडे जमिनीवर राहिले, तर आग सौम्य होत नाही. म्हणून शेवटी जाळ लावावाच लागतो, आणि त्या जाळाला बाजार नाही.

हा जाळ या विषयाचा सर्वांत अवघड कोपरा आहे. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत सांता फे राष्ट्रीय वनात वनखात्याने ठरवून लावलेला जाळ वाऱ्याने सुटला. जवळच जानेवारीत पेटवलेले फांद्यांचे ढीग बर्फाखाली धुमसत राहिले होते, तेही एप्रिलमध्ये भडकले. दोन्ही आगी मिळून हर्मिट्स पीक आणि काफ कॅन्यन या नावाने तीन लाख एक्केचाळीस हजार एकरांवर गेल्या. राज्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी आग. मोरा आणि सॅन मिगेल परगण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या स्पॅनिशभाषक शेतकऱ्यांची घरे, कुरणे, पाटाच्या पाण्याची जुनी व्यवस्था यांची राख झाली, आणि पावसाळ्यात जळालेल्या उतारांवरून आलेल्या पुराने उरलेले नेले. खात्याच्या स्वतःच्या चौकशीत दिसले की जमीन किती कोरडी आहे याचा अंदाज चुकला होता आणि ठरलेले काम पुरे करण्याचा दबाव पथकावर होता. मे महिन्यात खात्याने देशभर ९० दिवस नियोजित जाळ थांबवला. सप्टेंबरअखेर संसदेने नुकसानभरपाईचा खास कायदा केला आणि त्यासाठीची रक्कम पुढे जवळजवळ साडेपाच अब्ज डॉलरपर्यंत वाढली.

या घटनेचा उल्लेख विरोधक जाळाच्या विरोधात करतात आणि समर्थक तिला अपवाद म्हणून बाजूला सारतात. मला दोन्ही पटत नाही. ठरवून लावलेल्या जाळांपैकी फारच थोडे सुटतात हे खरे आहे. पण दबाव आला कुठून, हा प्रश्न कायद्याकडे जातो. कायदे आणि योजना कामाचे मोजमाप एकरांत करतात. २०२२ च्या जानेवारीत वनखात्याने दहा वर्षांत राष्ट्रीय वनांतले आणखी दोन कोटी आणि इतर जमिनींवरचे तीन कोटी एकर हाताळण्याचे ठरवले, तेही एकरांत. एकाच एकरावर आधी विरळणी, मग ढीग, मग जाळ झाला, तर प्रत्येक टप्पा वेगळा मोजता येतो. वस्तीजवळचा अवघड एकर आणि दूरचा सोपा एकर यांना तक्त्यात सारखीच किंमत. असा तक्ता समोर असलेला अधिकारी वारा बदलल्यावर काम थांबवायला कचरतो, तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

जाळ लावणाऱ्याच्या डोक्यावर आणखीही एक टांगती तलवार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओरेगॉनच्या मॅलूर राष्ट्रीय वनात नियोजित जाळाची थोडी आग शेजारच्या खाजगी जमिनीवर गेली आणि परगण्याच्या शेरीफने पथकाच्या प्रमुखाला काम चालू असतानाच अटक केली. स्वच्छ हवेच्या नियमांखाली वणव्याचा धूर अपवादात्मक घटना म्हणून हिशोबातून वगळता येतो, ठरवून लावलेल्या जाळाच्या धुराला ती सवलत कागदावर असली तरी मिळवणे कष्टाचे आहे. म्हणजे महिनाभर शहराला गुदमरवणारा धूर माफ आणि दोन दिवसांचा हलका धूर परवानगीला अडकलेला. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून प्रशिक्षित जाळप्रमुखाने आणि आदिवासी परंपरेतल्या जाळणाऱ्याने योग्य काळजी घेतली असेल, तर आग विझवण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करू नये, घोर निष्काळजी असेल तरच करावा, असे ठरवले. १८५० च्या त्या कलमानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी उचललेले हे पाऊल लहान आहे आणि मला अतिशय मोलाचे वाटते. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आणि गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावांनी तो घेतला. उन्हाळ्याआधी जाळरेषा कोणी, कधी आणि कोणाच्या अनुभवाने जाळायची, याचा विचार करणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाला कॅलिफोर्नियाच्या या कायद्यात आपल्या कामाचे काही सापडेल.

घरांविषयी थोडक्यात. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातले पॅराडाइज गाव जळाले, ८५ माणसे गेली, अठरा हजारांहून अधिक इमारती गेल्या. ३० डिसेंबर २०२१ रोजी कोलोरॅडोत बोल्डरजवळ हजारावर घरे जळाली, तिथे जंगल नव्हते, वाळके गवत होते. २०२३ मध्ये हवाईचे लहाइना, जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसची उपनगरे. मिझूलातल्या वनखात्याच्या अग्निप्रयोगशाळेत काम केलेल्या जॅक कोहेन यांनी बरीच वर्षे दाखवून दिले आहे की घरे बहुधा ज्वाळांच्या भिंतीने नाही, तर वाऱ्याबरोबर येणाऱ्या ठिणग्यांनी जळतात. छपराच्या कडेला साचलेला पाला, लाकडी कुंपण, भिंतीला टेकलेले झुडूप. घराभोवतीचे शंभर फूट ठरवतात. पण ती जमीन खाजगी आहे आणि बांधकामाचे नियम राज्य व परगण्याच्या हाती आहेत, म्हणून राष्ट्रीय वनांचा कोणताही कायदा तिथवर पोहोचत नाही. वनांच्या कायद्याकडून घरे वाचवण्याची अपेक्षा करणाऱ्यांनी ही मर्यादा मनात ठेवावी.

२०२५ मध्ये चर्चेत असलेले विधेयक जंगले दुरुस्त करण्याचे नाव घेऊन आले. आर्कान्सोचे ब्रूस वेस्टरमन, जे स्वतः वनशास्त्र शिकलेले आहेत, आणि कॅलिफोर्नियाचे स्कॉट पीटर्स या दोन पक्षांच्या सदस्यांनी ते मांडले. लॉस एंजेलिस धुमसत असतानाच, २३ जानेवारी २०२५ रोजी, प्रतिनिधीगृहाने ते २७९ विरुद्ध १४१ मतांनी मंजूर केले. जोखमीच्या पट्ट्यांत दहा हजार एकरांपर्यंतच्या कामांना सविस्तर अभ्यासातून सूट, खटला दाखल करण्याची मुदत कमी, वणव्यांच्या माहितीसाठी एक केंद्र, अशा त्यातल्या मुख्य गोष्टी. तीन हजार एकरांवरून दहा हजारांवर जाताना मला काळजी वाटते, कारण १९९५ ची आठवण अजून जिवंत आहे आणि गमावलेला विश्वास परत मिळवायला गावोगावचे आराखडे पंधरा-वीस वर्षे झटले होते. पण विधेयकात वाईट हेतू शोधत बसणे मला पसंत नाही, जंगलांची निकड खरी आहे. मला खटकते ते निराळे. परवानग्यांची वाट मोठी करताना त्या वाटेने चालणाऱ्या माणसांचा पगार त्यात नाही.

ही माणसे कोण ते सांगायला हवे. जाळाच्या दिवशी पथकात केवळ अग्निशामक नसतात. पायवाटा सांभाळणारा, वनस्पतींची पाहणी करणारी, नकाशे करणारा असे इतर कर्मचारी लाल रंगाचे पात्रतापत्र घेऊन आपले टेबल सोडून येतात, आणि वणव्याच्या वेळीही येतात. मार्च २०२५ मध्ये अग्निशामकांची पगारवाढ संसदेने अखेर कायम केली, हे फार दिवस रखडलेले काम झाले. त्याच्या महिनाभर आधी खर्चकपातीत वनखात्याच्या परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना मोठ्या संख्येने काढण्यात आले होते. अग्निशामकांना त्यातून वगळल्याचे सांगितले गेले. काढलेल्यांत लाल पत्र बाळगणारे पुष्कळ होते, आणि वसंतातल्या जाळाचे दिवस तोंडावर होते.